अमेरिकेत सीएफआय झालात, व्हिसाचं घड्याळ सुरू झालंय: आता पुढे काय काय करता येतं

हे लिहितोय ते मुख्यतः आपल्याकडून अमेरिकेत फ्लाइंग शिकायला गेलेल्या मुलामुलींसाठी, ज्यांच्या हातात एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक संस्था) कमर्शियल लायसन्स आहे, सीएफआय (फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट) झालंय किंवा व्हायच्या बेतात आहे, आणि आता रोज रात्री रूमवर एकच चर्चा चालते की बाबा पुढे काय, इथे शिकवता येईल का, किती महिने, आणि नाही जमलं तर घरी जाऊन काय करायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर इतकी अर्धवट माहिती फिरते की विचारू नका. एक जण म्हणतो एअरलाइन स्पॉन्सर करते, दुसरा म्हणतो फुकट शिकवलं तर चालतं, तिसऱ्याचा मावसभाऊ आधीच रिजनल एअरलाइनमध्ये असतो (चौकशी केली की कळतं त्याचं ग्रीन कार्ड होतं).

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं: तुम्हाला शेवटी कुठल्या देशाच्या कॉकपिटमध्ये बसायचंय? अमेरिकेत १५०० तास हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली, त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथल्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसरलासुद्धा (सहवैमानिक) एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं लायसन्स, लागायला लागलं, म्हणजे साधारण १५०० तास. म्हणून तिथली पोरं सीएफआय होऊन तास जमवतात. पण हा नियम अमेरिकेचा आहे. भारतात फर्स्ट ऑफिसर व्हायला डीजीसीएचं (आपली विमान वाहतूक संस्था) सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स लागतं, ज्याची अट २०० तासांची आहे, वर टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता). १५०० तासांची भानगड आपल्याकडे एटीपीएलच्या वेळी येते, म्हणजे कॅप्टन व्हायच्या वाटेवर. मग ज्याला शेवटी इंडिगो नाहीतर एअर इंडियातच जायचंय, त्यानं अमेरिकेत तासांसाठी किती जीव काढायचा हा हिशोब वेगळा आहे, आणि बरेच जण तो करतच नाहीत, समोरचा रूममेट करतोय म्हणून आपणही करायचं असं चालतं.

पायरी १: हातात कुठला कागद आहे ते नीट बघा

तुमच्याकडे कुठलं लायसन्स आहे हे इथे दुय्यम आहे. आय-२० वर, म्हणजे शाळेने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर, काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

एम-वन असेल तर: हा व्होकेशनल विद्यार्थ्यांचा व्हिसा, बहुतेक फ्लाइंग अकॅडम्या हाच देतात. शिकत असताना काम अजिबात नाही, कॅम्पसवरसुद्धा नाही. कोर्स संपल्यावर प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं पण त्याचं गणित असं की दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि काहीही झालं तरी जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे वर्षभराचा कोर्स केलात तर हातात तीन महिने. आता बिझी स्कूलमध्ये चांगल्या हवामानात सीएफआय महिन्याला ७०-८० तास उडतो असं धरलं तरी तीन महिन्यांत दोनशेदहा ते दोनशेचाळीस तास होतील, शिकतानाचे आधीचे अडीचशे मिळवले तर पाचशेच्या आसपास. १५०० कुठे आणि पाचशे कुठे. अर्जही कोर्स संपायच्या तारखेच्या आधीच जायला पाहिजे, ९० दिवस आधीपासून करता येतो, नंतर जाग आली तर उपयोग नाही. अजून एक गोष्ट एजंट सांगत नाहीत: एम-वन वरून अमेरिकेत बसल्या बसल्या एफ-वन वर जाता येत नाही, आणि एम-वनवर घेतलेल्या ट्रेनिंगच्या जोरावर तिथेच एच-वन बी (नोकरीचा व्हिसा) सुद्धा करून घेता येत नाही. बाहेर पडायचं, मुंबईच्या बीकेसीतल्या कॉन्सुलेटच्या रांगेत परत उभं राहायचं, नव्याने एफ-वन मागायचा.

एफ-वन असेल तर: म्हणजे युनिव्हर्सिटीची डिग्री, फ्लाइंग त्याच्यातच. यावर ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) मिळतं, १२ महिने. हिशोब करा, ७०-८० तासांनी वर्षाला साधारण साडेआठशे ते साडेनऊशे, आधीचे धरून अकराशे-बाराशेपर्यंत गाडी जाते. मान्यता असलेल्या युनिव्हर्सिटीची एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री असेल तर रिस्ट्रिक्टेड एटीपी १००० तासांवर मिळू शकतं, दोन वर्षांच्या डिग्रीवर १२५०. म्हणजे तास होतात! आणि नेमकं तिथेच घोडं अडतं, कारण तास पूर्ण होईपर्यंत ओपीटी संपत आलेलं असतं आणि एअरलाइन म्हणते वर्क ऑथरायझेशन दाखवा.

स्टेम ओपीटीबद्दल (सायन्स-टेक्नॉलॉजीच्या डिग्रीवाल्यांना मिळणारी मुदतवाढ) सगळे विचारतात, २४ महिने जास्तीचे. ते डिग्रीच्या नावावर ठरत नाही, आय-२० वरच्या सीआयपी कोडवर (कोर्सच्या विषयाचा सरकारी क्रमांक) ठरतं. प्रोफेशनल पायलटचा कोड ४९.०१०२ आहे, तो स्टेम यादीत नाही; एरोनॉटिक्स-एव्हिएशन सायन्स जनरलचा ४९.०१०१ यादीत आहे. दोन शेजारशेजारचे आकडे आणि दोन वर्षांचा फरक. अॅडमिशन घेण्याआधी युनिव्हर्सिटीला ईमेल टाकून लेखी विचारा, फोनवर हो हो म्हणणारे खूप असतात. यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे अर्ज करायच्या वेळी डीएसओकडून (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा युनिव्हर्सिटीचा अधिकारी) परत एकदा खात्री करा.

तिसरा गट आपल्या लोकांत बराच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: एच-फोर वाले, म्हणजे एच-वन बी वाल्यांचे जोडीदार. नवरा किंवा बायको आयटीत, पुण्याहून किंवा ठाण्याहून गेलेले, न्यूजर्सी नाहीतर डॅलसला राहतात, आणि घरी बसून कंटाळलेल्या माणसाने जवळच्या एअरपोर्टवर फ्लाइंग सुरू केलं. एच-फोरवर शिकता येतं, वेगळा एम-वन लागत नाही (टीएसए या अमेरिकन सुरक्षा संस्थेचं सिक्युरिटी क्लिअरन्स मात्र परदेशी नागरिक म्हणून लागतंच). जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालेला असेल तर २०१५ पासून एच-फोर ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) मिळतं, आणि ईएडी असेल तर सीएफआय म्हणून कुठेही, कितीही तास काम करा, ओपीटीची कटकट नाही. एल-टू वर (कंपनीने बदली करून पाठवलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या जोडीदाराला तर स्टेटसमुळेच काम करता येतं. माझ्या मते परदेशी सीएफआयला अमेरिकेत १५०० पर्यंत पोचायचा सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे, फक्त तो कोणी ठरवून घेऊ शकत नाही! एक लक्षात ठेवा, ३० ऑक्टोबर २०२५ पासून एच-फोर ईएडीच्या रिन्यूअलला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून शिकवणं थांबवायचं. रिन्यूअलचा अर्ज जितक्या लवकर करता येईल तितक्या लवकर टाका.

पायरी २: ईएडी हातात येईपर्यंत काय करायचं नाही

विद्यार्थी व्हिसावर ईएडी कार्ड आलं नाही आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडली नाही तोपर्यंत शिकवायचं नाही (एफ-वनवरच्या कॅम्पसमधल्या कामाचा अपवाद पायरी ३ मध्ये). एक डिस्कव्हरी फ्लाइट नाही, "फक्त पेट्रोलचे पैसे घेतले" नाही, मित्राला ग्राउंड शिकवून व्हेन्मोवर पैसे घेतले हेही नाही. मी तर म्हणतो फुकटसुद्धा नको, कारण ज्या कामाचे स्कूल एरवी पैसे देतं ते तुम्ही फुकट केलंत तरी ते काम मानलं जाऊ शकतं.

बाकीच्या धंद्यांत लोक लपवाछपवी करतात आणि कधी कधी निभतंही. पायलटचं तसं नाही. तुमच्या लॉगबुकमध्ये तारीख, विमानाचा नंबर, विद्यार्थ्याचं नाव, ड्युअल गिव्हन (शिकवलेले तास), सगळं तुमच्याच अक्षरात असतं, आणि तेच लॉगबुक तुम्ही उद्या डीजीसीएला, एअरलाइनला, कदाचित व्हिसा ऑफिसरला दाखवणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तास लिहिले तर पुरावा, नाही लिहिले तर तासांचा उपयोग काय.

स्वतःसाठी उडायला मात्र कोणी अडवत नाही, विद्यार्थी म्हणून उडा, डबल-आय (इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग शिकवायचं रेटिंग) करा, एमईआय (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानावर शिकवायचं रेटिंग) करा. ईएडीची वाट बघण्याच्या काळात एमईआय करून ठेवलेला माणूस नोकरीच्या रांगेत पुढे जातो.

पायरी ३: घड्याळाच्या आत जास्तीत जास्त तास

एफ-वन वाल्यांनी हे नीट वाचा. एफ-वनवर कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत फुल टाइम. आता युनिव्हर्सिटीचा फ्लाइट डिपार्टमेंट युनिव्हर्सिटीचाच असेल, तर तिथे सीएफआय म्हणून शिकवणं हे ऑन-कॅम्पस काम होऊ शकतं. म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत सीएफआय हातात आलं तर ओपीटीचा एकही दिवस न खर्चता तास सुरू. २० तासांत ब्रीफिंग, ग्राउंड, हवामानात अडकणं सगळं आलं, प्रत्यक्ष उडणं त्याच्या निम्मंच होतं, तरी दोन वर्षांत बऱ्यापैकी आकडा तयार होतो. जिथे युनिव्हर्सिटीने फ्लाइंग बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं तिथे हे बसेलच असं नाही, म्हणून शाळा निवडतानाच विचारा: विमानं कोणाची, इन्स्ट्रक्टरचा पगार कोण काढतं, आणि सध्या किती इंटरनॅशनल स्टुडंट तिथे शिकवतायत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यावर ६० दिवसांच्या आत. पहिल्याच दिवशी करा. कारण ओपीटी कोर्स संपल्यापासून १४ महिन्यांत उरकायचं असतं, उशिरा अर्ज केला आणि कार्ड यायला वेळ लागला तर तेवढे महिने तुमच्याच खिशातून जातात. सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, म्हणून नोकरीचं बोलणं आधीच लावून ठेवायचं.

हवामानाचा विचार फार कमी जण करतात. ओपीटी डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि तुम्ही नॉर्थ डकोटात किंवा मिशिगनमध्ये असाल तर पहिले तीन-चार महिने बर्फ, वारा आणि आयसिंगमध्ये विमान हँगरमध्येच, आणि घड्याळ मात्र चालू. अॅरिझोना, फ्लोरिडा, टेक्सास, दक्षिण कॅलिफोर्निया इकडे बाराही महिने काही ना काही उडणं होतं, फिनिक्सला उन्हाळ्यात पहाटे चारला उठावं लागतं कारण दुपारी विमानाला हात लावला तरी पोळतो, फ्लोरिडात पावसाळ्यात दुपारी दोननंतर वादळं, पण महिना कोरडा जात नाही. ज्याच्याकडे बाराच महिने आहेत त्याने पगार दोन डॉलर कमी असला तरी सूर्य असलेली जागा निवडावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीच्या फॉर्मवर दोन प्रश्न असतात: सध्या कायदेशीर काम करता येतं का, आणि भविष्यात स्पॉन्सरशिप लागेल का. पहिल्याला हो, दुसऱ्याला पण हो, खरं लिहा. दुसऱ्या "हो"ला घाबरायचं कारण नाही, कारण अमेरिकन सीएफआयसुद्धा १५०० झाले की दुसऱ्या दिवशी एअरलाइनला पळतो, स्कूलला वर्षभरात माणूस बदलायची सवय असते. मुलाखतीत सरळ सांगा की मी अमुक तारखेपर्यंत आहे, आठवड्याचे सहा दिवस उडेन, वीकेंड घेईन. चीफ इन्स्ट्रक्टरला हे ऐकायला आवडतं. सगळ्यात सोपी नोकरी जिथे शिकलात तिथलीच, कारण त्यांची विमानं, त्यांचं सिलॅबस, त्यांची पद्धत तुम्हाला पाठ असते.

पगार कसा देतात हे मात्र विचाराच. बऱ्याच छोट्या स्कूल सीएफआयला नोकर न मानता कॉन्ट्रॅक्टर म्हणून १०९९ (कॉन्ट्रॅक्टरसाठीचा टॅक्स फॉर्म) वर पैसे देतात. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत हे चालू शकतं, आठवड्याला २० तास काम झाल्याचे कागद ठेवा म्हणजे झालं. स्टेम ओपीटीवर चालत नाही. तिथे खरा मालक-नोकर संबंध, ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन सोय) नोंदलेली कंपनी आणि आय-९८३ फॉर्म भरून दिलेला ट्रेनिंग प्लॅन लागतो, आणि पगारही खराखुरा. तीन विमानं आणि एक रिसेप्शनिस्ट असलेल्या स्कूलला ई-व्हेरिफाय माहीतही नसतं, तुम्हीच समजावून सांगावं लागतं. स्टेम मिळालेल्याने म्हणून मोठी अकॅडमी धरावी. आणि पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापलंय का बघा, विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे ते कापायचं नसतं, अकाउंटंटला कित्येकदा ठाऊक नसतं.

पायरी ४: ओपीटीनंतर अमेरिकेत काय उरतं

फार नाही. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

एच-वन बी ला "स्पेशालिटी ऑक्युपेशन" लागतं, म्हणजे ज्या कामाला त्या विषयाची डिग्री असल्याशिवाय चालतच नाही असं काम. एअरलाइन पायलट किंवा सीएफआय व्हायला एफएए डिग्री मागत नाही, त्यामुळे हा मुद्दा तिथेच पडतो. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन बी अर्जावर एक लाख डॉलर लावलेत, कुठली फ्लाइंग स्कूल ते भरणार. ऑस्ट्रेलियन मुलं रिजनल एअरलाइनमध्ये दिसतात ती ई-थ्री व्हिसावर, तो फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकांना असतो, त्यांची गोष्ट ऐकून आपण हुरळायचं नाही. ईबी-टू एनआयडब्ल्यू (ग्रीन कार्डची एक कॅटेगरी) वर काही देशांच्या पायलटांना मधल्या काळात ग्रीन कार्ड मिळाली हे खरं, पण भारतात जन्मलेल्यांची त्या कॅटेगरीतली रांग दहा वर्षांहून मोठी आहे, अर्ज मंजूर होणं वेगळं आणि कार्ड हातात येणं वेगळं. त्यासाठी वकिलाला हजारो डॉलर देण्याआधी व्हिसा बुलेटिनमधली (ग्रीन कार्डची रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक) इंडियाची तारीख स्वतः उघडून बघा, फुकट असते.

एक दार किलकिलं आहे: युनिव्हर्सिटीत शिकवणं. मास्टर्स करायचं, सीएफआय-डबल आय-एमईआय आहेच, आणि एव्हिएशन डिपार्टमेंटमध्ये लेक्चरर किंवा असिस्टंट प्रोफेसर. त्या जागेला डिग्री खरंच लागते, युनिव्हर्सिटी एच-वन बी च्या लॉटरीतून मोकळी असते. उडणं कमी, वर्ग जास्त, एअरलाइनचं स्वप्न बाजूला. ज्याला शिकवायची खरी आवड आहे त्यानेच यात पडावं.

पायरी ५: भारतात परत

बहुतेकांचा रस्ता हाच, आणि यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त तयारी अमेरिकेत असतानाच सुरू करायची, विमानातून उतरल्यावर नाही.

एफएए सीपीएल भारतात तसंच चालत नाही, कन्व्हर्जन करावं लागतं. त्यात डीजीसीएचे लेखी पेपर (परदेशी लायसन्सवाल्यांना एअर रेग्युलेशन्स आणि कंपोझिट पेपर), आरटीआर (रेडिओ वापरायचं लायसन्स), क्लास वन मेडिकल, स्किल टेस्ट, आणि एफएएकडून लायसन्स खरं असल्याची खातरजमा, हे सगळं येतं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे. कॉमर्स करून परस्पर अमेरिकेला गेलेले इथे अडकतात, अमेरिकेत कोणी बारावीचा मार्कशीट विचारत नाही म्हणून लक्षातच येत नाही. त्यांनी एनआयओएसमधून (सरकारी ओपन स्कूल) ते दोन विषय काढून घ्यावेत, आणि ते आधीच, कारण नंतर त्याच्यासाठी अख्खं वर्ष बसून राहावं लागू शकतं. पेपरचा अभ्यास ओपीटीवर असतानाच रोज थोडा थोडा करा, तुम्ही तिकडे रोज हवामान आणि नेव्हिगेशन शिकवतच असता, अर्धं डोक्यात असतंच. रेग्युलेशन्स मात्र संपूर्ण वेगळं, तिथे पाठांतराला पर्याय नाही.

लॉगबुकवर दोन शब्द. एफएएच्या नियमात हूड लावलेला पायलट (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर आड लावून सराव करणारा) आणि त्याच्यासाठी बाहेर बघणारा सेफ्टी पायलट दोघंही तोच तास पीआयसी (विमानाचा प्रमुख पायलट) म्हणून लिहू शकतात, टाइम-शेअरिंग करून पैसे वाचवायला सगळे हे करतात. दुसऱ्या देशाची अथॉरिटी तो तास तसाच धरेल असं गृहीत धरू नका, तुमचे आवश्यक पीआयसी तास सेफ्टी पायलटचे वगळूनही पुरतायत ना हे आजच मोजा. कमी पडत असतील तर तिथे स्वस्तात एकटे उडून भरून काढा, भारतात तेच तास जास्त महाग पडतात.

आता कन्व्हर्जन झालं की दोन वाटा. एक एअरलाइनची: टाइप रेटिंग, लेखी परीक्षा, सिम्युलेटर असेसमेंट, मुलाखत. तुमचे आठशे-हजार तास इन्स्ट्रक्टर म्हणून असले तरी भरती जेव्हा निघेल तेव्हाच निघेल, आणि दोनशे तासांचा मुलगा तुमच्या शेजारीच बसलेला असेल. फरक पडतो तो रेडिओवर, हातावर, मुलाखतीत आणि पुढे एटीपीएलच्या वेळी. टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने आधीच करून ठेवावं का, हा घराघरातला वाद आहे. भरतीची जाहिरात बघितल्याशिवाय वडिलांची एफडी मोडू नका एवढंच म्हणेन, कारण टाइप रेटिंगला करन्सी (सराव चालू असण्याची अट) असते आणि वापराविना ते शिळं होतं.

दुसरी वाट शिकवायचीच. डीजीसीएत दोन रेटिंग आहेत, एएफआयआर म्हणजे असिस्टंट आणि एफआयआर म्हणजे पूर्ण इन्स्ट्रक्टर. सीएफआय आपोआप त्यात बदलत नाही, आधी भारतीय सीपीएल, मग इन्स्ट्रक्टर रेटिंगची वेगळी परीक्षा आणि फ्लाइंग टेस्ट. पण तिकडचा अनुभव असलेला माणूस स्कूलला हवा असतो. आणि महाराष्ट्रात स्कूल कमी नाहीत: गोंदियाला बिरसीवर एनएफटीआय, बारामतीला कार्व्हर आणि रेडबर्ड, शिरपूरला एसव्हीकेएमची अकॅडमी, धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लब, नागपूरचा फ्लाइंग क्लब. २०२१ मध्ये एअरपोर्ट अथॉरिटीने फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ दिले त्यात जळगाव होतं, शेजारचं बेळगावही. अमरावतीला बेलोऱ्यावर एअर इंडियाने स्वतःची अकॅडमी जाहीर केली आहे. म्हणजे फिनिक्सहून परतलेला सीएफआय गावाजवळ राहून शिकवू शकतो अशी परिस्थिती आलेली आहे. तिकडच्यासारखी मोकळीक इथे नाही, परवानग्यांचे कागद जास्त, पावसाळ्यात फ्लाइंग रोडावतं, पण इन्स्ट्रक्टरची गरज खरी आहे.

कन्व्हर्जन चालू असताना हातात चार पैसे यायला हवेत तर पुण्या-मुंबईतल्या डीजीसीए ग्राउंड क्लासमध्ये मेट (हवामान) आणि नेव्ह (नेव्हिगेशन) शिकवायला जा, सीएफआय असलेला शिक्षक मुलांना आवडतो कारण तो पुस्तकातला ढग खराच बघून आलेला असतो. घरी बसून अमेरिकन विद्यार्थ्यांना ऑनलाइन एफएए ग्राउंड शिकवणारेही आहेत. भारतात बसून केलं तर अमेरिकन व्हिसाचा प्रश्न येत नाही, फक्त टाइमझोनमुळे रात्रीची झोप जाते आणि परदेशातून आलेल्या पैशावर इथे टॅक्स भरायचा असतो.

पायरी ६: तिसरा देश

कॅनडा हा त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा, कारण तिथल्या नियमात फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं नाव घेऊन तरतूद आहे. मान्यता असलेल्या फ्लाइट ट्रेनिंग सेंटरमध्ये कोर्स पूर्ण केला आणि कॅनडाचं कमर्शियल लायसन्स असेल, किंवा इन्स्ट्रक्टर रेटिंग असेल वा चालू असेल आणि इन्स्ट्रक्टरच्या नोकरीची ऑफर असेल, तर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटला पात्र ठरता येतं. ते आयुष्यात एकदाच मिळतं आणि किती काळाचं ते कोर्सच्या लांबीवर. सुरुवात क्लास फोर इन्स्ट्रक्टर म्हणून, वरच्या क्लासच्या देखरेखीखाली. तिथे फर्स्ट ऑफिसरला अमेरिकेसारखी १५०० ची अट नाही, त्यामुळे बाहेर पडायचा रस्ता लवकर सुरू होतो. खर्च मात्र पुन्हा शून्यापासून, आणि हिवाळा तुम्हाला ठाऊकच आहे. अमेरिकेत पैसे संपवून मग कॅनडा सुचणं हे चुकीच्या क्रमाने होतं. ज्यांनी अजून भारत सोडला नाही त्यांनी सुरुवातीलाच दोन्हींची तुलना करावी.

आखातात व्हिसा कंपनीच काढते, तो तिथला नेहमीचा रिवाज. दुबई साउथला एमिरेट्स फ्लाइट ट्रेनिंग अकॅडमी, फुजैराला फुजैरा एव्हिएशन अकॅडमी, सौदीतही स्कूल आहेत. पण त्यांना अनुभवी इन्स्ट्रक्टर हवा असतो, तीनशे तासांचा नवखा नको. म्हणजे हा पर्याय दोन-तीन वर्षं शिकवून झाल्यावरचा. ऑस्ट्रेलियात ग्रेड थ्री पासून सुरुवात, स्किल असेसमेंट कासा (तिथली विमान वाहतूक संस्था) करते, व्हिसाच्या यादीत फ्लाइंग इन्स्ट्रक्टर त्या वर्षी आहे का ते आधी बघायचं. युरोपात एफएएवाल्याला एटीपीएलचे १३ लेखी पेपर नव्याने द्यावे लागतात, आणि काम करायचा हक्क वेगळा मिळवावा लागतो; नातं किंवा पासपोर्ट असल्याशिवाय मी तरी सुचवणार नाही. गोव्यातली काही मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर असतात, त्यांना मात्र हे दार उघडं आहे, त्यांनी १३ पेपरांना घाबरून सोडू नये.

पायरी ७: निघायच्या आधीच्या महिन्यात

लॉगबुकवर स्कूलचा शिक्का आणि अधिकृत सही प्रत्येक पानावर घ्या, शेवटी एकूण तासांचं सर्टिफिकेट लेटरहेडवर. ट्रेनिंग रेकॉर्डच्या, चेकराइडच्या, एन्डॉर्समेंटच्या प्रती स्कॅन करून ठेवा. फ्लाइंग स्कूल बंद पडतात, विकल्या जातात, चीफ इन्स्ट्रक्टर एअरलाइनला निघून जातो, आणि मग पुण्यातून रात्री दोनला फोन लावून काही होत नाही. दिलेल्या एन्डॉर्समेंटचा रेकॉर्ड सीएफआयला तीन वर्षं ठेवावा लागतो, तोही सोबत घ्या.

एफएएमध्ये पत्ता बदलल्याचं कळवा, हालल्यापासून ३० दिवसांच्या आत. अमेरिकेबाहेरचा पत्ता असलेल्या आणि अमेरिकेत पत्ता नसलेल्या लायसन्सवाल्यांना २०२५ पासून तिथे एक "यूएस एजंट फॉर सर्व्हिस" नेमावा लागतो, म्हणजे एफएएची कागदपत्रं तुमच्या वतीने घेणारी अमेरिकेतली व्यक्ती किंवा कंपनी, आणि त्याची नोंद एफएएच्या पोर्टलवर करायची. हे केलं नाही तर लायसन्सचे अधिकार वापरता येत नाहीत. न्यूजर्सीत एडिसनमधला काका चालतो, पण काकांना आधी विचारा आणि टपाल आलं की फोटो काढून पाठवायला सांगा.

आणि सीएफआय जिवंत ठेवा. १ डिसेंबर २०२४ पासून सीएफआयच्या कार्डावर संपायची तारीख छापत नाहीत, पण दर २४ कॅलेंडर महिन्यांनी काहीतरी करावंच लागतं, त्यातला सोपा मार्ग म्हणजे एफआयआरसी (उच्चार 'फर्क'), तो इन्स्ट्रक्टरचा रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन होतो, भारतात बसूनही. झाल्यावर त्याची नोंद एफएएकडे गेलीय याची पोचपावती मिळेपर्यंत सोडू नका, आणि पुढची तारीख लगेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीच्या रिमाइंडरसकट.